पुढचा नंबर विकत घ्यावा की आपला विकावा?

आयपीएलचा लिलाव आपल्याकडे घराघरांत पाहिला जातो. कोण किती कोटींना गेला याची चर्चा दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये होतेच. अमेरिकेत फुटबॉलचे नवे खेळाडू मात्र असे विकले जात नाहीत. (फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, लांबट चेंडू हातात धरून धावायचा त्यांचा फुटबॉल.) तिथे लिलावाऐवजी 'ड्राफ्ट' असतो. त्यांच्या एनएफएल या स्पर्धेत ३२ संघ आहेत. एप्रिलच्या अखेरीस हे संघ एकेक करून कॉलेजांतून येणारी मुले निवडतात. अशा सात फेऱ्या होतात. ज्याची आधीच्या मोसमात सर्वांत वाईट गत झाली त्याचा नंबर पहिला आणि जो विजेता ठरला त्याचा शेवटचा.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये असतो. या खेळाचा नाद मला त्यानेच लावला. दर एप्रिलला फोनवर आमचा एकच वाद होतो. "सर, संघाने वर सरकावं की खाली?" वर सरकणे म्हणजे आपल्या दोन-चार निवडी दुसऱ्या संघाला देऊन त्याचा पुढचा नंबर घेणे. खाली सरकणे म्हणजे आपला पुढचा नंबर विकून त्याच्या बदल्यात मागच्या जास्त निवडी पदरात पाडून घेणे. त्याचे म्हणणे असे की हिरा दिसला की झोळी रिकामी करावी. माझे मत वेगळे आहे. फोनवर ते नीट मांडता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी थोडा इतिहास. ही उलटी रांग सुचवली बर्ट बेल यांनी. ते फिलाडेल्फिया ईगल्स या हरणाऱ्या संघाचे मालक होते. चांगली मुले नेहमी श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जातात, मग आमच्यासारख्यांनी वर यायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिल्या नंबरवर निवडला गेलेला जे बरवॅन्गर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही! म्हणजे पहिल्या नंबरची फजिती पहिल्याच वर्षी झाली होती. पण हेतू न्यायाचा होता. जो मागे राहिला त्याला आधी ताट वाढायचे.

आता या नंबरांचा बाजार कसा चालतो ते पाहू. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज संघातल्या माइक मॅकॉय यांनी एक तक्ता तयार केला. पहिल्या नंबरला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, सोळाव्याला १००० आणि बत्तिसाव्याला ५९०. तुमचा सोळावा नंबर देऊन पहिला हवा असेल तर २००० गुणांची भर घालावी लागेल, इतके सोपे गणित. पुढे तो तक्ता सगळीकडे पसरला आणि अनेक वर्षे संघ त्याच्या आधाराने सौदे करत राहिले.

यात मेख अशी की तो तक्ता आधीच्या सौद्यांवरून बनवलेला होता. कोणत्या नंबरसाठी संघांनी काय मोजले, एवढेच त्यात होते. त्या नंबरवर आलेला मुलगा पुढे कसा खेळला याचा हिशोब त्यात नव्हता. बाजारभाव आणि खरी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाजी घेणाऱ्या कोणालाही कळते. गर्दी उसळली की मेथीची जुडी दुप्पट भावाने जाते, म्हणून तिची पाने दुप्पट होत नाहीत.

तो दुसरा हिशोब केला केड मॅसी आणि रिचर्ड थॅलर या दोन अभ्यासकांनी. थॅलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी निवडलेल्या खेळाडूंची पुढची कामगिरी आणि त्यांना दिलेला पगार समोरासमोर मांडला. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असते. त्यामुळे स्वस्तात चांगला खेळाडू मिळाला तर वाचलेल्या पैशांत आणखी कोणीतरी येतो. या मापाने पाहिले तर सर्वांत फायद्याच्या निवडी अगदी वरच्या निघाल्या नाहीत. पहिल्या फेरीचा शेवट आणि दुसऱ्या फेरीची सुरुवात, इथे खरा नफा होता. हरणाऱ्याला मदत म्हणून दिलेला पहिला नंबर त्याच्यासाठी ओझे ठरतो, म्हणून त्यांनी आपल्या निबंधाला 'हरणाऱ्याचा शाप' अशा अर्थाचे नाव दिले. तो शाप टाळायचा सोपा उपाय म्हणजे तो नंबर विकून टाकणे, कारण घेणारे डोळे झाकून पैसे मोजायला तयार असतात.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला शिक्षक म्हणून जास्त बोलका वाटतो. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडलेला आणि एक त्याच्या लगेच नंतर. आधीचा खरोखर सरस ठरण्याची शक्यता किती? सुमारे ५२ टक्के. नाणे उडवले तर ५०. दुर्बिणी घेऊन वर्षभर गावोगाव फिरणारे पारखी, मुलांना धावायला लावून सेकंदांत मोजणारी शिबिरे, तासन्‌तास पाहिलेल्या चित्रफिती, मुलाखती, हे सगळे करून नाण्यापेक्षा दोन टक्के जास्त.

दहावीचे पेपर तपासणाऱ्याला हे ऐकून फारसे नवल वाटू नये. एकाला ९१ आणि दुसऱ्याला ८९ मिळाले तर शाळेच्या फलकावर पहिल्याचे नाव सोनेरी अक्षरांत लागते आणि दुसऱ्याचे लागत नाही. पण त्या दोन गुणांवर दहा वर्षांनंतरची पैज कोण लावेल? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एका शब्दाची गंमत सांगतो. मराठीत 'अंदाज' म्हणजे अटकळ. उर्दूत अटकळीला 'अंदाज़ा' म्हणतात आणि 'अंदाज़' म्हणजे ढब, ऐट. ड्राफ्टच्या मंचावर मला नेहमी वाटते की या मंडळींचा हिशोब पहिल्या अर्थाचा असतो आणि मिरवणे दुसऱ्या अर्थाचे. अटकळ जितकी कच्ची, तितकी ऐट मोठी.

या ऐटीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९९९ चा. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांना रिकी विल्यम्स नावाचा धावपटू हवा होता. त्याच्यासाठी बाराव्या नंबरवरून पाचव्यावर जायला त्यांनी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी वॉशिंग्टनला दिल्या. शिवाय पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची आणि तिसऱ्या फेरीची निवडही दिली. अख्ख्या ड्राफ्टमधून एका संघाने एकच माणूस घेतला. त्या मोसमात संघ ३ सामने जिंकला, १३ हरला आणि डिटकांची नोकरी गेली. संघाची अशी दैना झाल्यामुळे पुढच्या वर्षीचा दिलेला नंबर दुसरा ठरला, तोही वॉशिंग्टनच्या खिशात. लक्षात घ्या, विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. २००२ मध्ये मायामीकडून खेळताना तो लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावला. मुलगा चांगला होता, सौदा वाईट होता.

त्या सौद्यात मालामाल झालेल्या वॉशिंग्टनने तरी धडा घ्यायला हवा होता. या संघाच्या मालकाने आपली माणसे थॅलर यांच्याकडे हे सगळे समजून घ्यायला पाठवली होती, असे थॅलर यांनीच लिहिले आहे. तरीही २०१२ मध्ये वॉशिंग्टनने सहाव्यावरून दुसऱ्या नंबरवर जाण्यासाठी सेंट लुईस रॅम्सला पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीची एक निवड दिली. घेतला कोण, तर रॉबर्ट ग्रिफिन हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा सूत्रधार. पहिले वर्ष झकास गेले. जानेवारी २०१३ मध्ये आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर तो बाद फेरीचा सामना खेळत राहिला आणि गुडघा गेला. पुढच्या मोसमात संघाची गत ३ विजय, १३ पराभव अशी झाली आणि रॅम्सला दिलेला शेवटचा हप्ता पुन्हा दुसऱ्या नंबरचा ठरला. डिसेंबर २०१४ मध्ये हे दोन संघ भिडले तेव्हा रॅम्सने नाणेफेकीला आपल्या सहा खेळाडूंना कर्णधार म्हणून पाठवले. हे सहाही जण त्या सौद्यातून आलेले! सामना रॅम्सने २४-० असा जिंकला.

इथे मला त्या मुलाचा विचार येतो. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराची किंमत त्याने स्वतः ठरवलेली नसते, पण ती फेडायची त्यालाच असते. त्याच्यासाठी तीन वर्षांच्या निवडी दिल्या हे सगळ्या गावाला ठाऊक असते. बाकावर बसवून त्याला सावकाश शिकवायला कोणाला धीर नसतो. शिवाय त्याच्या बाजूला उभे राहणारे मजबूत साथीदार ज्या निवडींतून यायचे, त्या त्याच्यासाठीच खर्च झालेल्या असतात.

माझा विद्यार्थी इथे हमखास मध्ये बोलतो. "सर, माहोम्सचं काय?" त्याचा मुद्दा खरा आहे, तो टाळून चालणार नाही. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने सत्ताविसाव्यावरून दहाव्या नंबरवर उडी मारली आणि पॅट्रिक माहोम्स घेतला. त्याने त्यांना तीन सुपर बोल जिंकून दिले. क्वार्टरबॅक ही या खेळातली एकमेव जागा अशी आहे की तिथला खरा गुणी माणूस बाकी सगळे हिशोब उलटे करतो. त्याच ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सनेही वर उडी मारली होती, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. फक्त एक पायरी, आणि त्यासाठी आपल्या तिसऱ्या नंबरशिवाय आणखी तीन निवडी मोजल्या. घेतला मिच ट्रुबिस्की, तेव्हा माहोम्स अजून यादीत होता. दोघांनी वर उडी घेतली, एक तरला आणि एक पडला. मग नियम काय निघतो?

मला निघालेला नियम असा. चीफ्सने काय दिले ते पाहा. आपला सत्ताविसावा नंबर, तिसऱ्या फेरीची एक निवड आणि पुढच्या वर्षीची पहिली निवड. ही पुढची निवड ठरली बावीसावी. का? कारण संघ मुळातच चांगला होता. आधीच्या मोसमात त्यांनी १२ सामने जिंकले होते. अॅलेक्स स्मिथसारखा जाणता क्वार्टरबॅक हाताशी होता, म्हणून माहोम्सला जवळजवळ वर्षभर बाकावर बसून शिकता आले. घर भरलेले होते. उडी चुकली असती तरी चूल बंद पडली नसती.

आता कॅरोलायना पँथर्स पाहा. २०२३ मध्ये त्यांनी बेअर्सकडून पहिला नंबर घेतला. बदल्यात नववा नंबर, एकसष्टावा नंबर, २०२४ ची पहिल्या फेरीची आणि २०२५ ची दुसऱ्या फेरीची निवड दिली. वर डीजे मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर दिला, म्हणजे येणाऱ्या नव्या क्वार्टरबॅकने ज्याच्याकडे चेंडू फेकायचा तोच माणूस. ब्राइस यंग आला. संघ २ सामने जिंकला, १५ हरला. त्यामुळे २०२४ चा दिलेला नंबर पहिला ठरला आणि त्यावर बेअर्सने केलेब विल्यम्स घेतला.

दुबळ्या संघाच्या हातातले सर्वांत मोलाचे नाणे म्हणजे त्याचा स्वतःचा पुढच्या वर्षीचा नंबर. तो जितका दुबळा, तितके ते नाणे जड. पण वर सरकण्याची घाईही त्यालाच जास्त असते. म्हणजे ज्याला परवडत नाही तोच सर्वांत महाग भावाने घेतो, आणि ज्याला परवडते त्याला ते स्वस्तात पडते. आपल्याकडे सावकाराच्या दारातही हेच होते. बर्ट बेल यांनी हरणाऱ्याला आधी ताट वाढायची सोय केली, आणि हरणारा ते ताट उद्याच्या ताटासह गहाण टाकून एकच पक्वान्न मागतो.

शहाणे संघप्रमुख असे का करतात? कारण पुढच्या वर्षीची निवड त्यांची नसते. सतत हरणाऱ्या संघात प्रशिक्षकाला आणि व्यवस्थापकाला ठाऊक असते की दोन वर्षांत निकाल लागला नाही तर आपण इथे नसू. मग उद्याचा नंबर आज खर्च करायला काय जाते? त्याची भरपाई पुढे येणारा करील. ड्राफ्टमध्ये एक जुना दर चालत आला आहे. या वर्षीची दुसऱ्या फेरीची निवड द्या आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची घ्या. एक वर्ष थांबायचे एवढे मोल! सब्र करणाऱ्याला इतके व्याज जगात क्वचितच कुठे मिळत असेल. तरी थांबायला फार थोडे तयार होतात.

खाली सरकणे म्हणजे काही जादूची कांडी नाही, हेही सांगायला हवे. २०११ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने सहावा नंबर अटलांटा फाल्कन्सला विकला. बदल्यात दोन वर्षांत मिळून पाच निवडी मिळाल्या. अटलांटाला जुलिओ जोन्स हा आपल्या पिढीतला थोर रिसीव्हर मिळाला. क्लीव्हलँडने त्या निवडींतून असे काही उभे केले नाही की आज कोणाला आठवावे. ग्रिफिनच्या सौद्यात श्रीमंत झालेला रॅम्स संघही २०१५ पर्यंत, म्हणजे सेंट लुईस सोडेपर्यंत, एकदाही बाद फेरीत गेला नाही. जास्त निवडी म्हणजे फक्त जास्त संधी. वर्गात मुले वाढली म्हणून निकाल वाढत नाही, शिकवावे लागते.

दुसरे असे की २०११ पासून नव्या खेळाडूंच्या पगाराचा तक्ता ठरवून दिला गेला. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा आणि ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. पुढच्याच वर्षी पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. थॅलर-मॅसी यांचा हिशोब मुख्यतः त्याआधीच्या काळातला. म्हणजे वरचे नंबर आता पूर्वीइतके महाग पडत नाहीत, हे मान्य. पण पगार कमी झाला म्हणून पारख वाढली नाही. ५२ टक्क्यांचा प्रश्न तिथेच आहे.

ज्यांनी हे ओळखले त्यांचे उदाहरण म्हणजे जिमी जॉन्सन यांचा डॅलस संघ. १९८९ मध्ये तो १६ पैकी १५ सामने हरला. त्याच मोसमात त्यांनी आपला एकमेव मोठा तारा हर्शेल वॉकर मिनेसोटा वायकिंग्जला दिला आणि बदल्यात खेळाडू व निवडींचा ढीग घेतला. वायकिंग्जला वाटत होते की एक माणूस आला की काम फत्ते. वॉकर तिथे असेपर्यंत ते सुपर बोलपर्यंत पोहोचले नाहीत. डॅलसने पुढच्या चार मोसमांत दोन आणि नंतर आणखी एक सुपर बोल जिंकला. आणि गंमत पाहा, १९९० मध्ये याच डॅलसने एकविसाव्यावरून सतराव्या नंबरवर छोटी उडी मारून एमिट स्मिथला घेतले. झोळी भरल्यावर त्यातले थोडे देऊन वर सरकणे, याला माझा मुळीच विरोध नाही.

११ फेब्रुवारी २०२४ ला लास व्हेगासच्या सुपर बोलमध्ये आमच्या वादाच्या दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या होत्या. एकीकडे माहोम्स. दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी, जो २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. याच सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये पहिल्या फेरीच्या तीन आणि तिसऱ्या फेरीची एक निवड देऊन तिसऱ्या नंबरवर ट्रे लान्सला घेतले होते. तो त्यांच्याकडून सुरुवातीपासून फक्त चार सामने खेळला आणि मग चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला दिला गेला. सामना जादा वेळेत माहोम्सने जिंकला. रात्री विद्यार्थ्याचा मेसेज आला, "जिंकला कोण, सर?" मी लिहिले, "जिंकला माहोम्स. पण लान्ससाठी एवढे गमावूनही ते इथवर कसे आले, ते सांग." ते आले कारण बाकीचा संघ भक्कम होता, आणि कारण शेवटच्या नंबरची निवडही त्यांनी फेकून दिली नव्हती.

तेव्हा माझे मत असे. हरणाऱ्या संघाने खाली सरकावे, निवडी जमवाव्यात आणि त्या मुलांना घडवणारी माणसे नेमावीत. क्वार्टरबॅक नसेल तर आपल्या नंबरवर येईल तो घ्यावा, पण उद्याचा नंबर देऊन घेऊ नये. घर भरलेले असेल, एकच जागा रिकामी असेल आणि दिलेल्या निवडींवाचून अडणार नसेल, तर खुशाल वर जावे. पुढच्या एप्रिलला कोणी वर सरकले की दूरदर्शनवर टाळ्या वाजतील, निवेदक धाडसाचे कौतुक करतील. त्या वेळी आपण घेणाऱ्याबरोबर विकणाऱ्याकडेही पाहावे. बहुधा तो गप्प बसून पुढच्या वर्षीची यादी चाळत असेल.